हुरड्याची धग

सोलापूरकडच्या माणसाला हुरडा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण हा अंक कोकणातही वाचला जातो, म्हणून चार शब्द. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेल्या रब्बी ज्वारीच्या कणसात डिसेंबर-जानेवारीत दाणा भरतो. तो हिरवा असतो, चिकाचा पातळपणा गेलेला असतो, पण अजून टणक झालेला नसतो. असे थोडेच दिवस मिळतात. त्या दिवसांत कणसे काढायची, जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसे निखाऱ्यात खुपसून भाजायची आणि हाताला चटका बसत असतानाच तळव्यावर चोळून दाणे मोकळे करायचे. गुळभेंडी, कुचकुची या त्यासाठीच्या खास गोड जाती. भाकरीच्या मालदांडीला ती चव नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, हरभऱ्याचे ढाळे. हुरडा गार झाला की चिवट होतो. म्हणून चोळणाऱ्याने चोळत राहायचे आणि खाणाऱ्याने खात राहायचे, अशी ही मेजवानी आहे.

आमच्या लहानपणी अब्बांचे एक शेतकरी दोस्त दरवर्षी निरोप पाठवत. आम्ही सारी भावंडे बैलगाडीत बसून जायचो. आगटीजवळ ते स्वतः बसत. अंगात बंडी, डोळ्यांत धूर गेलेला, आणि तळवे भाजले की 'हाय हाय' करत ते हसायचे. पहिली मूठ पाहुण्याच्या हातात, दुसरी स्वतःच्या तोंडात. त्यांच्या घरात आमचे जेवण होत नसे आणि त्याची कारणे दोन्हीकडच्यांना ठाऊक होती. पण आगटीभोवती ती कारणे कुणाला आठवत नसत. खाऊ घालणारा आणि धग सोसणारा माणूस तिथे एकच होता. तेव्हा ही गोष्ट ध्यानात येण्यासारखी वाटली नाही.

आता हुरड्याला तिकीट आहे. त्यात वाईट काही नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात चार पैसे पडत असतील तर आम्ही नाक मुरडणारे कोण? मागच्या जानेवारीत एका रविवारी आम्ही सहा शिक्षक बायकामुलांसह मंगळवेढ्याच्या रस्त्यावरच्या अशाच एका ठिकाणी गेलो. जाण्याआधी फोनवर भरपूर चौकशी केली होती. स्वयंपाक शुद्ध शाकाहारी, म्हणजे तो प्रश्न मिटला. जोहरच्या नमाजला स्वच्छ जागा आहे. बायकांना बसायला वेगळी झोपडी आहे.

वाटेत शिंदीच्या झाडांजवळ नीरा मिळत होती, तिथे तर वादच झाला. एक मॅडम म्हणाल्या, ही तर शिंदी, गाडी थांबवूच नका. आमच्यासोबत दीनियात शिकवणारे मौलाना होते. त्यांनी समजावून सांगितले की रात्रभर झाडाचा रस मडक्यात ठिबकतो. मडक्याला आतून चुना लावलेला असतो, त्यामुळे तो लवकर आंबत नाही. सूर्य उगवायच्या आत उतरवला तर तो नुसता गोड रस असतो आणि ऊन चढेल तसा त्याचाच नशा बनतो. म्हणजे झाड तेच आणि मडकेही तेच, हराम-हलालचा फरक काही तासांचा. त्यांनी पेला नाकाशी नेला, एक घोट जिभेवर घोळवला आणि 'बिस्मिल्लाह करा' म्हणाले. आम्ही प्रत्येकी दोन पेले प्यायलो. इतक्या बारकाईने आम्ही पाहत होतो हे मुद्दाम सांगतो आहोत.

आगटीवर एक बाई आणि एक मुलगा बसले होते. बाई कणसे चोळत होती, मुलगा सुपाने भुसा पाखडून गरम हुरडा ताटल्यांत टाकत होता. आमच्या ताटलीशी आला आणि थबकला. तो आमच्याच वर्गातला, सहावीचा. दोन आठवडे गैरहजर. 'बीमार होगा' असे वर्गातल्या पोरांनी सांगितले होते आणि तेवढ्यावर आमचे समाधान झाले होते.

"अस्सलामु अलैकुम, सर," तो म्हणाला. मग आमची नजर चुकवण्यासाठी असेल, लगेच म्हणाला, "गरम है तब तक खा लेओ, सर. ठंडा हुआ तो मजा नै आता."

त्याच्या तळव्यांना राख लागली होती. आईने पदर सावरला आणि न विचारताच सांगितले की ती एरवी घरी विड्या वळते, पण हुरड्याच्या दीड-दोन महिन्यांत इथे रोज जास्त मिळतो. "इसकू घर पे अकेला किधर छोडूं, सर? इधर दो पैसे ये बी लेता." आम्ही तिला म्हणालो, आपा, तुम्हीही बसा, खा. तिने आधी मालकाच्या खोलीकडे पाहिले, मग मान हलवली. मुलानेही नाही म्हटले. आमच्यातल्या एकाने त्याच्या खिशात पन्नासची नोट सरकवली. ते पाहून आम्हाला बरे वाटले आणि बरे वाटल्याची लाजही वाटली.

बुखारी शरीफमध्ये एक हदीस आहे, आम्ही ती शाळेत दर वर्षी शिकवतो. तिचा मतलब असा की खादिम जेवण घेऊन आला तर त्याला सोबत बसवावे, ते जमत नसेल तर निदान एक-दोन घास तरी द्यावेत, कारण ते शिजवण्याची धग आणि मेहनत त्याने सोसली आहे. हे शिकवताना आमच्या डोळ्यांपुढे अरबस्तान असायचे. भाजलेले हात, जे खरे तर आमच्या वहीतपासणीत रोज दिसले पाहिजेत, ते कधी आले नाहीत. पेल्यातला रस हलाल की हराम याची पारख आम्ही नाकाने आणि जिभेने केली. पण ताटलीत येणारा घास कुणाच्या शाळेच्या दिवसांतून आला, हे विचारायला नाक लागत नाही, जीभ लागते, आणि ती फोनवर चौकशी करतानाही हलली नव्हती. कुरआन हलालच्या बरोबर तय्यब म्हणतो, म्हणजे पाक, चांगले. तो दुसरा शब्द आम्ही बहुधा चवीपुरता वापरतो.

परतीच्या गाडीत वाद पेटला. एक सर म्हणाले, आपण गेलो नसतो तर त्या बाईला आज मजुरीच नसती. आपले पैसे म्हणजेच तिची चूल. हे खोटे नाही. दुसरे म्हणाले, २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठेच कामाला ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात मदत चालते, तीही शाळेच्या वेळेनंतर. हा घरचा धंदा नव्हे, तक्रार करा. मग मॅडमनी विचारले, तक्रार झाली तर पोरगा शाळेत येईल की आईचाही रोज जाईल? कुणी बोलेना. निघताना मालकाने "कसं वाटलं, गुरुजी?" असे विचारले होते आणि आम्ही सगळ्यांनी "छान, छान" म्हटले होते. तेवढे मात्र आम्हाला चोख जमले.

रस्ता मंगळवेढ्याचा, म्हणून मौलानांनी दामाजीपंतांचा विषय काढला. बिदरच्या बादशहाचा हा कारभारी. दुष्काळात त्याने सरकारी कोठारे उघडून धान्य लोकांना वाटले आणि विठूने महाराच्या रूपात दरबारी जाऊन रक्कम भरली, अशी कथा आहे. मौलाना म्हणाले, धान्य त्याचे नव्हतेच, अमानत होती. दुसऱ्याच्या मालावर सखावत कसली? आम्हाला वाटते, त्याने धान्य नव्हे, मान दिली. बादशहा ती उतरवू शकला असता. आमच्या पन्नासच्या नोटेत आणि त्या धान्यात फरक इथे आहे. आम्ही जे दिले त्याने आमचे काही अडले नाही. मालकाला एक शब्द विचारला असता तर फार तर पुढच्या वर्षी त्याने आम्हाला बुकिंग दिले नसते, आणि आम्ही तेवढ्यालाही भ्यालो.

सोमवारी हजेरी घेताना त्याच्या नावापाशी पेन थांबले. 'आजारी' लिहिणे खोटे आणि खरे लिहायला रकाना नाही. आम्ही गैरहजेरी मांडली. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, कुलूप होते. गुरुवारी पुन्हा गेलो तेव्हा आई भेटली. दुपारची शाळा सुटल्यावर आम्ही त्याला तासभर बसवून राहिलेला अभ्यास घेऊ, पण सकाळी तो वर्गात हवा, एवढेच बोलणे झाले. तिने हो म्हटले आणि तो आला नाही.

फेब्रुवारीत दाणा टणक झाला, आगट्या विझल्या. मग तो आला. दप्तरातून वर्तमानपत्राची पुडी काढून टेबलावर ठेवली, "अम्मीने भेजी, सर." आत वाळवलेला हुरडा होता. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळ्यांनी तो खाल्ला. चिवट होता. त्याला हाक मारून मूठभर पुढे केला तर तो हात मागे घेत म्हणाला, "मेरेकू नै अच्छा लगता, सर."