आधी चार जणांना दिसू दे

चि. बाळ,


तुझा फोनवरचा लांबलचक मजकूर पोचला. मी त्याला पत्रच म्हणते, कारण तू सगळं सावकाश, काना-मात्रा न गाळता लिहितेस. पुण्यातल्या तुझ्या नव्या सोसायटीत ओला आणि सुका कचरा बहुतेक घरं एकत्रच देतात, त्याचं तुला फार वाईट वाटलंय. जिन्याखालच्या डब्यांचे फोटो काढून तू ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार आहेस, आणि लिफ्टच्या दारावर ठळक अक्षरांत कागद लावणार आहेस की ‘या इमारतीत कचरा वेगळा करायची कुणालाच पर्वा नाही’. वाचून मला तुझं कौतुक वाटलं. परक्या शहरात, नोकरीच्या धावपळीत, दुसऱ्याच्या हाताला लागणाऱ्या घाणीचा विचार करणारी पोर आहेस तू, आणि त्याबद्दल मला कधी शंका नव्हतीच. काळजी वाटली ती एकच, तुझ्या घाईची. कागद अजून लावला नसशील तर थोडी थांब, सकाळचा चहा घेताना हे निवांत वाच आणि मग ठरव.

कॉलेजात मानसशास्त्र शिकवणं थांबलं तरी त्या विषयातलं माझं वाचन सुटलं नाही, हे तू जाणतेसच. त्यातला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राखीव वन आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं तिथे दगड होऊन पडलेली आहेत, रंगीत, चमकदार, हातात घेऊन बघावीत अशी. येणारेजाणारे एखादा तुकडा खिशात टाकतात, आणि असं करत करत वनाचं नुकसान होतं. रॉबर्ट सिआल्दिनी या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर तिथल्या पाऊलवाटांवर खुणा केलेले तुकडे पसरून ठेवले आणि वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. एक पाटी म्हणायची, आजवर पुष्कळ पर्यटकांनी इथलं लाकूड नेलं आणि वनाची अवस्था बदलून गेली. दुसरी साधेपणाने विनवायची, कृपा करून लाकूड नेऊ नका. पहिली पाटी होती तेव्हा शंभरातले जवळजवळ आठ तुकडे गेले, दुसरी होती तेव्हा दोनसुद्धा नाहीत.

पाटी लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता ना? पण वाचणाऱ्याच्या मनात काय उतरलं, तर ‘सगळेच नेतात’. मग त्याला वाटलं, माझ्या एका तुकड्याने असं काय बिघडणार आहे. तुझा लिफ्टवरचा कागद नेमका या पहिल्या पाटीसारखा होणार आहे, बाळ. जी घरं आज एकत्र कचरा देतात त्यांना तो सांगेल की आपल्यासारखेच सगळे आहेत, आणि जी दोन-चार घरं निमूटपणे वेगळा करतात त्यांना वाटेल, आपणच कशाला एवढं करायचं.

असं वाटतं, हेही लोकांनी मोजून पाहिलं आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावातल्या सुमारे २९० घरांवरचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरोघरी दाराला चिठ्ठी अडकवायची, तिच्यावर त्या घरात किती वीज खर्च झाली आणि शेजारपाजारची सरासरी किती, हे लिहिलेलं. ज्यांचा खर्च जास्त होता त्यांनी तो कमी केला. पण ज्यांचा आधीच कमी होता त्यांचा वाढला! आपण उगीच जास्त काटकसर करतोय असं त्यांना वाटलं असणार. मग काही चिठ्ठ्यांवर अभ्यासकांनी पेनने एक हसरा चेहरा काढून दिला, आणि तेवढ्या शाबासकीवर ती कमी खर्चाची घरं आपल्या जागी राहिली. मला या सगळ्यात तो हाताने काढलेला चेहराच जास्त आवडतो. चांगलं वागणाऱ्याला ‘आम्ही पाहिलं हं’ असं कुणी म्हणत नाही, ही आपल्याकडची फार मोठी उणीव आहे.

विजेची गोष्ट लांबची झाली. पाण्याची गोष्ट आपल्या नगर तालुक्यातली आहे, हिवरे बाजारची, आणि ती तू फक्त आदर्श गाव म्हणून शाळेत निबंधापुरती ऐकलीस याचं मला वाईट वाटतं. नीट ऐक. डोंगर बोडके, पाऊस तुटपुंजा, विहिरी आटलेल्या, माणसं कामासाठी गाव सोडून चाललेली. सरकारी नोकराची तिथे बदली झाली तर ती शिक्षा समजत, असं सांगतात. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि ग्रामसभेने एकेक बंधन स्वीकारत नेलं: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. डोंगरावर जनावरं सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून न्यायचं. पुढे आणखी कठीण बंधनं आली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत. आपला जिल्हा सहकारी साखर कारखान्यांचा. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला. अशा जिल्ह्यात राहून ऊस नको म्हणणं म्हणजे डोळ्यांसमोरचा पैसा सोडणं.

तो त्यांनी कसा सोडला, हे मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे. जमिनीखालचं पाणी बांध ओळखत नाही. माझ्या शेतात मी संयमाने ज्वारी-बाजरी घेतली आणि शेजाऱ्याने खोल बोअर मारून ऊस भिजवला, तर माझ्या विहिरीतलं पाणीच त्याच्या सरीला जाणार. मग माझा संयम म्हणजे माझा तोटा. म्हणून एकटा माणूस मनाने कितीही चांगला असला तरी असल्या कामात फार काळ टिकत नाही, त्याला खात्री लागते की पलीकडचाही थांबला आहे. ती खात्री गावाने उघड्यावर मिळवून दिली. पाऊस किती झाला हे गावात मोजतात, विहिरींच्या पातळ्या बघतात, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात, आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिकं बसतील याचा ताळेबंद ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडतात. पाऊस कमी झाला की जास्त पाण्याची पिकं कमी होतात. श्रमदानाचंही तसंच. कुदळ-घमेलं घेऊन कोण आलं आणि कोण आलं नाही, हे सगळ्या गावाला दिसतं. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने आपल्याकडे किती पोरींची शिक्षणं अडली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण तीच लोकलाज चांगल्या कामाच्या बाजूला उभी राहिली की डोंगर हिरवे करू शकते, हेही मी आपल्याच तालुक्यात पाहिलं. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, म्हणजे सरपंच झाल्यावर तीस वर्षांनी. तुझ्या वयापेक्षा ही जास्त वर्षं आहेत, तेवढं लक्षात घे.

आणि गाडगेबाबा! ते गावात शिरले की आधी हातात खराटा घेत आणि गाव झाडायला लागत. दिवसभर झाडलेलं गावकऱ्यांनी पाहिलेलं असे, मग रात्री कीर्तन. क्रम बघितलास का? बोलणं शेवटी.

चांगली सवय मोडते तीही याच वाटेने. माझी आई बाजारात निघाली की खुंटीवरची जुन्या लुगड्याची पिशवी आपसूक हातात यायची, तेलाला बरणी, दुधाला किटली. त्यात पर्यावरण वगैरे काही नव्हतं, सगळ्या बायका तशाच जायच्या, बस. पुढे दुकानदार चकचकीत प्लास्टिकच्या पिशव्या फुकट देऊ लागले आणि बघता बघता घरची पिशवी नेणं गरिबीचं लक्षण ठरलं. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा आमच्या मंडईत सुरुवातीला सगळीकडे कापडी पिशव्या दिसायच्या. मग एकाने चोरून प्लास्टिक द्यायला सुरुवात केली, शेजारच्याने पाहिलं, आणि हळूहळू गाडी पुन्हा जुन्या रुळावर आली. कायदा हवाच, पण रोजच्या रोज राखण करतो तो शेजार.

आता तुझ्या सोसायटीचं बघू. सकाळी अर्धा तास लवकर उठत जा (तुझ्या बाबाला मी हेच सांगत आले, तो अजून उठत नाही), म्हणजे कचरा घ्यायला ‘स्वच्छ’च्या ताई येतात तेव्हा तू स्वतः दारात असशील. त्यांच्या संघटनेमागचा इतिहासही वाच. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, डॉ. बाबा आढाव तिच्या पाठीशी होते, आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. एकत्र कचऱ्यात काच असो की शिळी आमटी, हात त्यांचेच जातात. त्यांना नावाने हाक मार, दोन्ही डबे त्यांच्या हातात दे, आणि हे दार उघडं ठेवून, समोरच्या काकूंना दिसेल असं कर. यात मिरवणं काही नाही. कुणाला दिसलंच नाही तर कुणी शिकणार कुठून?

मग ताईंनाच विचार, या इमारतीत किती घरं कचरा वेगळा देतात. त्यांच्याइतकं कुणालाच ते ठाऊक नसतं. येईल तो आकडा खरा मान, फुगवू नकोस. थोडा असला तरी खचायचं नाही. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं आहे की एखादी गोष्ट थोडेच लोक करत असले, तरी ‘ती करणारे वाढत आहेत’ एवढं कळल्यावरही माणसं वळतात. त्यांनी एका उपाहारगृहात रांगेतल्या लोकांना, मांस कमी खाण्याकडे काही जण वळू लागलेत असं वाचायला दिलं, तेव्हा बिनमांसाचं जेवण मागवणारे ३४ टक्के निघाले. काही जण कमी खातात, एवढंच ज्यांनी वाचलं त्यांच्यात ते १७ टक्के होते. म्हणून तुझ्या कागदावर राग नको. ‘गेल्या महिन्यापेक्षा आणखी इतकी घरं ओला-सुका वेगळा देऊ लागली, त्या सर्वांचे मनापासून आभार’ एवढं लिही, आणि दर महिन्याला आकडा बदलत जा. आभार मानताना घरांचे क्रमांक मात्र त्यांना विचारूनच घाल.

फोटो टाकून झालेला अपमान माणसं वर्षानुवर्षं विसरत नाहीत, आणि तुला त्यांच्याच जिन्यावरून रोज जायचंय. कढत दुधात घातलेलं विरजण फुकट जातं, हे तू माझ्याजवळ ओट्यावर बसून पाहिलेलं आहेस. दूध कोमट झालं की मगच घालायचं, आणि मग भांडं रात्रभर हलवायचं नाही. तुझ्या शेजाऱ्यांनाही तेवढा अवकाश दे. एक घर या महिन्यात वळलं तरी मला कळव, मी इथे गोडाचं करीन.

भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालतेस का? आणि मी शिवून दिलेल्या दोन पिशव्यांपैकी एक ऑफिसच्या पिशवीत कायम ठेव, एक दाराच्या खुंटीला, म्हणजे विसरायला नको.

तर एवढं कर, येत्या रविवारपर्यंत ताईंना विचारून घरांचा आकडा मला कळव, आणि नवा कागद लावण्याआधी फोनवर एकदा वाचून दाखव.

तुझी,
आजी