ओट्यातली खाच

घरात आलेली सुबत्ता आधी बावर्चीखान्यात दिसते. चुलीची जागा स्टोव्हने घेतली, स्टोव्हची गॅसच्या शेगडीने, आणि आता शेगडी ओट्यावर न राहता ओट्याच्या आत बसू लागली आहे. चिखली, मोशी, चाकणच्या नव्या इमारतींत ग्रॅनाइटचा ओटा आयता मिळतो. काचेची नवी शेगडी आणली की त्यात चौकोनी खाच पाडावी लागते. मिस्त्री येतो, कटर चालवतो, मजुरी घेऊन निघून जातो. घरभर उडालेली धूळ आपण पुसून काढतो. त्याच्या छातीत गेलेली धूळ कोण पुसणार?

हा प्रश्न केवळ हळहळण्याचा नाही, हिशेबाचा आहे. ग्रॅनाइटमध्ये सिलिका असते. 'क्वार्ट्झ' म्हणून विकल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडात तर बहुधा ९० टक्क्यांहून अधिक. दगड सुका कापला की तिचे न दिसणारे कण फुफ्फुसात खोलवर उतरतात. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. आपल्याकडे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने, गुजरातच्या दगड दळणाऱ्या कारखान्यांत राबून मेलेल्या मध्य प्रदेशातल्या २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तिथे कारखाना होता, म्हणून बोट दाखवता आले. ओटे कापणाऱ्याचा कारखाना कुठला? हजार घरांचे हजार बावर्चीखाने!

आपल्या पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. कंपनीच्या गेटवर हेल्मेट, बूट, चष्मा यांवाचून आत पाऊल टाकता येत नाही, आणि ही शिस्त कामगारांनी झगडून मिळवलेला हक्क आहे, हेही तो जाणतो. मग तोच माणूस घरी मालक झाला की तोंडाला नुसता रुमाल बांधलेल्या मिस्त्रीकडे पाहून गप्प का बसतो?

दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले, 'तो आपल्या मर्जीने येतो.' पण मर्जीला अर्थ येतो तो धोका माहीत असेल आणि नाही म्हणण्याची ऐपत असेल तेव्हा. दुसरे, 'माझ्या एका खाचेने काय होणार?' खरे आहे, एका खाचेने बहुधा काहीच होणार नाही. आजार वर्षांनी येतो, तेव्हा कुणाच्या ओट्याने आला हे कुणीच सांगू शकत नाही. मात्र हजारांत वाटला गेलेला वाटा लहान होतो, शून्य होत नाही. ज्याचा हिशेब कोर्ट मागू शकत नाही, तो माणसाने स्वतःच ठेवायचा असतो.

हा हिशेब चुकता करणे फार महागही नाही. शेगडी घेण्याआधी तिचे माप पाहावे; ओट्यावर ठेवायची शेगडी चालत असेल तर खाचच नको. नवा ओटा बसवायचा असेल तर दुकानातच पाण्याच्या मशीनवर कापून आणावा. घरीच कापणे भाग असेल तर पाणी सोडणारे किंवा धूळ ओढून घेणारे यंत्र असलेला माणूस बोलवावा. साध्या विजेच्या कटरवर पाणी ओतू नये, त्यात शॉकचा धोका आहे. रुमालाऐवजी चांगला मास्क द्यावा. काम सावकाश होईल, म्हणून मजुरी जास्त द्यावी. नाहीतर आपली सावधगिरी त्याच्याच खिशातून जाईल.