तळाचा तांब्या

आमच्या प्रवरासंगमला पावसाळ्यात नदी चहाच्या रंगाची यायची. आजी घागरीत तुरटीचा खडा फिरवायची आणि दटावायची, "आता हात लावू नगं, निवळू दे." सकाळी पाणी नितळ. पण तळाचा तांब्याभर ती कुणाला प्यायला देत नसे. परसातल्या जास्वंदीला ओतायची.

पुढं बावीस वर्षं मी मुंबईच्या बंदरात गाळ उपसायच्या कामावर काढली. निवळणं म्हणजे स्वच्छ होणं नव्हे, हे तिथं कळलं. जहाजांच्या बुडाचा विषारी रंग, कारखान्यांतला पारा, शिसं, सगळं चिकणमातीच्या बारीक कणांना धरून तळाशी बसतं. ढवळलं, हवा लागली, की त्यातलं काही पुन्हा पाण्यात सुटतं. म्हणून आधी नमुना तपासायचा. चांगला गाळ भरावाला. वाईट गाळ बंदिस्त खड्ड्यात, नाहीतर जागेवरच स्वच्छ वाळूखाली. पारा नाहीसा करायची युक्ती कुणाकडंच नाही. जपानात मिनामाताच्या उपसागरात कारखान्यानं पारा सोडला होता. १९७७ ते १९९० या काळात तिथला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ बांध घालून कोंडला, वर ५८ हेक्टर जमीन झाली. आज तिथं बाग आहे. पारा बागेखाली आहे.

आता गावी संगमावर लोक बुडी मारतात, म्हणतात, पाप गेलं. जुनी सवय, मनात येतंच: गेलं कुठं? इथं तर पाणी धड वाहतही नाही. जायकवाडी धरणाचा फुगवटा येतो. आलेलं बसतं.

जवळच नेवासा. १२९० साली ज्ञानेश्वर माउलींनी तिथं गीता सांगितली आणि शेवटी मागताना दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांचा वाकडेपणा तेवढा गळून पडो म्हणाले. मी गाळातला माणूस. गळालेलं कुठंतरी साचतं, एवढं मला कळतं.

थोरल्या भावाशी वाटणीत मी लबाडी केली होती. त्याच्या दहाव्याला याच घाटावर अंघोळ केली आणि लबाडी नदीला दिली असं धरून चाललो. ती वहिनीच्या घरात बसली होती.

यंदा बांधालगतचे चार गुंठे वहिनीच्या नावावर केले. त्यानं लबाडी धुतली गेली नाही. पण तळाचा तांब्या आता माझ्या हातात आहे, आणि तो कुणाच्या पेल्यात ओतायचा नाही, एवढी राखण मला जमेल.