दोषाचा आरंभ कोठें?

नौका धक्क्यावर आदळली तर दोष कोणाचा, असें विचारल्यास बहुतेक लोक ती चालविणाऱ्याकडे बोट दाखवितील. कृति त्याच्या हातून झाली, म्हणून उत्तरदायित्वही त्याचें, हें नीतिशास्त्रांतील सर्वांत सोपें गणित होय. तें अपुरें आहे असें आम्हांस वाटतें. आणि तें दाखविण्यासाठीं एका क्षुल्लक यंत्रभागाचें उदाहरण घेण्याची अनुज्ञा वाचकांनीं द्यावी.

खानदेश हा कांहीं समुद्रकांठचा मुलूख नव्हे. जळगांव-धुळ्याच्या वाचकास नौका म्हटली म्हणजे तापीवरची होडीच आठवावयाची. परंतु पूर्वीं धुळें जिल्ह्यांत असलेल्या, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत गणल्या जाणाऱ्या, अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गांवांना सरदार सरोवराच्या पाण्याची झळ लागली. आणि तेथील कित्येक पाड्यांना इंजिनाची होडी हाच रस्ता झाला. जी वस्तु रस्ता म्हणून वापरावयाची, तिच्या निगेचा प्रश्न केवळ कारागिराचा राहत नाहीं.

जुन्या मोटारबोटींत चालकाच्या हातांतला दांडा आणि मागचें इंजिन यांस जोडणाऱ्या बहुधा दोन केबल असतात. एक वेग कमीजास्त करणारी, दुसरी गिअर पालटणारी. सायकलच्या ब्रेकची तार ज्यांनीं पाहिली आहे त्यांस रचना सहज कळेल: बाहेर आवरण, आंत सरकणारी पोलादी तार. फरक इतकाच, कीं सायकलची तार केवळ ओढते, बोटीची ओढते आणि ढकलतेही. आवरणास चीर पडली कीं पाणी शिरतें, तार गंजते, दांडा जड होतो. हा जडपणा एका दिवसांत येत नाहीं. तो रोज केसभर वाढतो, आणि हात रोज केसभर अधिक जोर लावण्यास शिकतो. होडीला ब्रेक नसतो; धक्क्याजवळ येतांना गिअर उलटा टाकूनच तिला आवरावें लागतें. नेमक्या त्या क्षणीं तार अडकली, तर चालकाचा हात अचूक असूनही व्यर्थ!

इंग्रज तत्त्वज्ञ क्लिफर्ड यानें १८७७ सालीं विश्वासाच्या नीतीवर लिहिलेल्या निबंधांत असाच एक जहाजमालक उभा केला आहे. जुन्या जहाजाविषयीं आलेली शंका तो दाबून टाकतो. आजवर इतक्या सफरींतून तें परतलें आहे, अशी मनाची समजूत घालतो. आणि जहाज बुडतें. तें सुखरूप पोंचलें असतें तरी मालक तितकाच दोषी, असा क्लिफर्डचा निर्णय. तो आम्हांस मान्य आहे. परंतु त्या मालकास निदान शंका तरी आली होती. जड दांड्याची ज्यास संवय झाली, त्यास शंकाच येत नाहीं. मग त्यास निर्दोष म्हणावें काय?

तसें म्हणतां येणार नाहीं. शंका न येणें हा येथें दैवाचा भाग नसून तपासणी न केल्याचें फळ आहे. आणि तपासणी कठीण नाहीं. इंजिन बंद असतां केबलचें इंजिनाकडील टोक सोडवावें आणि दांडा हलवून पाहावा. तरीही तो जड लागला, तर दोष इंजिनाचा नव्हे, केबलचा वा दांड्याच्या पेटीचा. जड झालेली केबल तेल घालून रेटीत बसूं नये, ती बदलावी. मात्र ही परीक्षा कांहींही बिघडलेलें दिसत नसतांना, नेमल्या वेळीं केली पाहिजे. कारण ज्या हाताच्या अनुभवावर आपण विसंबतों, तोच हात जडपणास सरावलेला असतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्याचें उत्पन्न इंधनास कसेंबसें पुरतें, त्या नावाड्यास नवी केबल घेण्याचा उपदेश करणें सोपें आहे. परंतु यावरून कर्तव्य नाहींसें होत नाहीं. तें वांटलें जातें. ज्या धरणाचें पाणी व वीज दूरच्या लोकांनीं घेतली, त्याच धरणानें या पाड्यांचा पायरस्ता बुडविला. त्या रस्त्याच्या बदली आलेल्या होडीची निगा एकट्या नावाड्यावर सोडून, अपघातानंतर केवळ त्याच्याच हाताकडे पाहणें, हा न्याय नव्हे.

सद्धेतु आणि कृति यांमधील तार संकटाच्या क्षणीं दुरुस्त करतां येत नाहीं. म्हणून दोषाचा शोध घेतांना धक्क्यापाशीं न थांबतां, ज्या शांत दिवशीं कोणीच टोक सोडवून पाहिलें नाहीं, त्या दिवसापर्यंत मागें गेलें पाहिजे.