दाजींची म्हैस

भाचा आमच्या भजनी मंडळाचा आवाज. बारावीनंतर म्हणाला, "मामा, गाणंच शिकणार." कोल्हापूरच्या विद्यापीठात संगीत विभाग, पुण्यात ललित कला केंद्र, मुंबईत लोककला अकादमी. माहिती मी काढली, पण खरी अडचण घरात होती. दाजी म्हणाले, "पावणं, तुम्ही शिकलेलं. ह्यात पोट भरंल का?"

मी बेधडक बोललो, "भरंल की! संगीतशिक्षकाची नोकरी कुठं गेली नाही." पंचक्रोशीत एकाही शाळेत संगीतशिक्षक नव्हता, हे मला ठाऊक होतं. दाजींनी म्हैस विकली.

मनाची समजूत घालायला मी विष्णु दिगंबर पलुस्करांना आठवतो. कुरुंदवाडच्या ह्या माणसानं १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि गुरूच्या घरी वर्षानुवर्षं न राबताही गाणं शिकायची वाट झाली. वाट झाली खरी, पण तिचा खर्च दाजींच्या गोठ्यातून गेला, तोही माझ्या खोट्यावर. खरं सांगूनही त्यांनी म्हैस विकली असती, कुणास ठाऊक. ती संधी मी त्यांना दिलीच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पोरगं काकड्याला उभं राहिलं. आलाप लांबला तसे टाळकरी थांबले. दाजी खांबाला टेकून ऐकत होते. घरी जाताना म्हणाले, "नोकरीचं कवा निघंल, पावणं?"