सुई नीट लाव, प्रश्न नीट विचार

चि. भाचीस,


गोवंडीच्या सेंटरवर तू एमआरआयला लागलीस, हे ताईने फोनवर सांगितलं. मेंदूच्या पर्फ्युजनची केस आली की तुला धडकी भरते, असंही ती म्हणाली. मी आयुष्यभर हेच काम केलं, म्हणून चार गोष्टी लिहिते.

साध्या कॉन्ट्रास्टमध्ये गाठ उजळते, ती तिथल्या रक्तवाहिन्यांची भिंत गळायला लागल्यामुळे. ग्लायोब्लास्टोमा असो, फुफ्फुसातून पसरलेला कॅन्सर असो की टीबीची गाठ, तिन्हींची कड उजळू शकते आणि आतला भाग काळा राहू शकतो. परदेशी पुस्तकं अशा वेळी आधी कॅन्सरचं नाव घेतात. तुझ्याकडे शिवाजीनगर, बैंगणवाडीहून माणसं येतील. दाटीची घरं, अपुरी हवा आणि जुना टीबी त्या वस्त्यांच्या चांगल्या ओळखीचा. पंचविशीतल्या मुलाला फिट आली आणि फोटोत कडं दिसलं, तर टीबी की ट्यूमर हा प्रश्न इथे पहिल्याच मिनिटाला उभा राहतो. एका उत्तरानंतर महिनोन्महिने टीबीच्या गोळ्या असतात, दुसऱ्यानंतर कवटी उघडावी लागते.

पर्फ्युजन यापेक्षा वेगळं काही विचारतं : या गाठीत रक्त किती खेळतंय? गॅडोलिनियम शिरेतून जोरात सोडलं की ते मेंदूतून पहिल्यांदा जाताना सिग्नल काही सेकंद खाली पडतो आणि पुन्हा वर येतो. तो खड्डा जितका मोठा, तितकं तिथलं रक्त जास्त. कॉम्प्युटर तो मोजतो आणि आपण समोरच्या बाजूच्या निरोगी पांढऱ्या भागाशी त्याची तुलना करतो. तोच आरसीबीव्हीचा आकडा. ग्लायोब्लास्टोमासारखी जोमाने वाढणारी ग्लायोमा स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते, म्हणून आकडा चढतो. टीबीच्या गाठीच्या पोटात मेलेला, चिजासारखा भाग असतो. तिथे रक्तच नसतं. तिच्या कडेला मात्र नव्या केशवाहिन्या फुटलेल्या असू शकतात आणि तिथला आकडा फसवतो. म्हणून एकाच ठिकाणी माप घेऊन उठू नकोस.

गाठीबाहेरची सूज तर हमखास बघ. मला विचारशील तर सगळ्यात जास्त तीच शिकवते. ग्लायोमाच्या पेशी उजळलेल्या कडेपाशी थांबत नाहीत, सुजेतही शिरतात, त्यामुळे तिथेही रक्त वाढलेलं दिसतं. बाहेरून आलेल्या कॅन्सरभोवतीची सूज म्हणजे बहुतेक नुसतं पाणी. तिथे आकडा खालीच राहतो. लिम्फोमा कॉन्ट्रास्टने लख्ख उजळतो, पण त्याच्यात रक्त मात्र ग्लायोब्लास्टोमाइतकं सहसा नसतं. मेनिंजिओमा रक्ताने गच्च भरलेला असतो. आणि रेडिएशन होऊन काही महिन्यांनी परत आलेल्या पेशंटमध्ये नवी उजळ जागा दिसली, की गाठ पुन्हा वाढतेय की किरणांनी ऊती मेली, हे सांगायलाही याच आकड्याची मदत होते. मेलेल्या जागी तो पडतो.

हे सगळं तुझ्या सुईवर उभं आहे. उजव्या हाताच्या कोपराच्या शिरेत 18 किंवा 20 नंबरची कॅन्युला लाव, मनगटावरच्या बारीक शिरेवर भागवू नकोस. आपल्या नेहमीच्या कॉन्ट्रास्टचा डोस किलोमागे 0.2 मिली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 12 मिली. तो सेकंदाला 4 ते 5 मिली या वेगाने जायला हवा आणि त्यामागून त्याच वेगाने 20 मिली सलाईन. स्कॅन सुरू होऊन काही फोटो निघाल्यावरच इंजेक्शन सोड. आधीची सपाट रेघ नसेल तर खड्डा मोजायचा कशावरून? पेशंटला आधीच सांग, हातात गार लागेल, तेवढी दोन मिनिटं डोकं हलवू नका. किडनी अधू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॉन्ट्रास्ट देऊ नकोस. लहान मुलांत आणि अशा पेशंटमध्ये एएसएल करता येतं. त्यात रक्तातल्या पाण्यावरच चुंबकाने खूण करतात, औषध लागत नाही. गाठीत जुनं रक्त किंवा कॅल्शियम असेल, तर डीएससीचा, म्हणजे वर सांगितलेल्या कॉन्ट्रास्टच्या पर्फ्युजनचा, नकाशा बिघडतो. जुनं रक्त आणि कॅल्शियम दाखवणारे एसडब्ल्यूआयचे फोटो आधी बघून घे.

फॉर्म भरताना दोन प्रश्न तूच विचार. आधी टीबीचं औषध घेतलंय का, घरात कोणाला झालाय का? आणि डेक्सा हे स्टेरॉइड सुरू आहे का, कधीपासून? स्टेरॉइडने लिम्फोमा इतका विरघळू शकतो की नंतरच्या बायॉप्सीत काहीच सापडत नाही. तारखेसकट लिही, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

आकड्याच्या प्रेमात पडू नकोस. 2003 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 160 ग्लायोमांचा अभ्यास छापला. 1.75 ही रेघ धरली तर जोमाच्या 95 टक्के गाठी त्यांना सापडल्या, पण सौम्य गाठींपैकी जेमतेम 57.5 टक्केच बरोबर ओळखल्या गेल्या. ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा सौम्य असूनही रक्ताने भरलेली असू शकते. मशीन बदललं, सॉफ्टवेअर बदललं की रेघही सरकते. गाठीचं शेवटचं नाव तुकडा तपासूनच ठरतं. 2016 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आयडीएच आणि 1पी/19क्यूसारख्या जनुकीय तपासण्यांना ग्लायोमाच्या नावातच जागा आहे. भेदरलेला मुलगा कन्सोलच्या काचेपाशी येऊन ‘ताई, टीबीच आहे ना?’ असं विचारेल. त्याला खोटा धीर देऊ नकोस, बायॉप्सीची गरज नाही असं तर चुकूनही म्हणू नकोस. त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा, नुसतं बोट दाखवू नकोस.

शेवटचं, आणि हे मनावर घे. तुझे बरेच पेशंट पुढे कुर्ल्याला गाडी बदलून परळच्या टाटा हॉस्पिटलला जातील, नाहीतर हार्बरनेच थेट टाटाच्याच खारघरच्या अॅक्ट्रेकला. नुसत्या फिल्मवरून तिथल्या डॉक्टरांना पर्फ्युजन पुन्हा मोजता येत नाही. रंगीत नकाशाबरोबर पर्फ्युजनचे सगळे मूळ फोटो सीडीत टाक आणि ती उघडते का, हे पेशंट जायच्या आधी तपास. ती उघडली नाही तर त्या माणसाला पुन्हा सुई, पुन्हा पैसे आणि आणखी एका दिवसाची बुडालेली मजुरी सोसावी लागते.

तुझी,
मावशी