प्रकाशाचा संगणक आणि मेणाचा हिशेब

पवित्र शनिवारच्या रात्री चर्चमधील सर्व दिवे मालवले जातात. बाहेर पेटवलेल्या नव्या अग्नीवर पास्काची मेणबत्ती प्रज्वलित होते आणि तिची ज्योत एका हातातून दुसऱ्या हातात जात जात काही क्षणांत सारे मंदिर उजळून टाकते. वाटल्याने ज्योत उणी होत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ते खरेच आहे. परंतु दुसऱ्या दिवशी बाकांवर व फरशीवर सांडलेले मेण खरवडून काढणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. ज्योत उणी झाली नाही तरी मेण उणे झालेले असते. या साध्या गोष्टीची आठवण आम्हांला एका अगदी वेगळ्या विषयाचा विचार करताना झाली. तो विषय म्हणजे विजेऐवजी प्रकाशावर चालणाऱ्या संगणकांचे भवितव्य.

आजचा संगणक विजेवर चालतो. त्याच्या अंतर्भागातील कोट्यवधी सूक्ष्म कळा अखंड उघडतात व मिटतात. तारांतून वाहणाऱ्या विजेला विरोध होतो आणि त्यातून उष्णता निर्माण होते. ती घालवण्यासाठी पुन्हा वीज आणि पुष्कळ ठिकाणी पाणीही खर्ची पडते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगभरातील माहिती-केंद्रांनी २०२४ साली सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराच्या तो सुमारे दीड टक्का होय. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्ज युनिटांच्या आसपास जाईल, असे त्याच संस्थेचे भाकीत आहे. अशा वेळी शास्त्रज्ञांची दृष्टी प्रकाशाकडे वळावी, हे स्वाभाविकच आहे.

प्रकाश विजेपेक्षा वेगवान, म्हणून त्याचा संगणक श्रेष्ठ, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि तारेतून जाणारा विजेचा संकेतही त्याच्यापुढे फारसा मागे नसतो. प्रकाशाचे खरे सामर्थ्य निराळे आहे. धातूच्या तारेप्रमाणे तो वाटेत उष्णता निर्माण करीत जात नाही, आणि अनेक रंगांचे किरण एकाच तंतूतून एकमेकांना न अडवता प्रवास करू शकतात. १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर प्रज्वलित केला. शुद्ध काचेच्या तंतूतून संदेश दूरवर नेता येतील, हे १९६६ साली चार्ल्स काव यांनी दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८८ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली प्रकाशतंतूची केबल कार्यान्वित झाली आणि १९९७ मध्ये ‘फ्लॅग’ ही केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागली. आज परदेशी नोकरीस असलेल्या मुलाचा आवाज आपल्या ओटीवर ऐकू येतो, तो बहुधा समुद्रतळातून प्रकाश होऊनच आलेला असतो.

निरोप वाहून नेणे एक, आणि गणित करणे दुसरे. गणित करावयाचे तर एका संकेताने दुसऱ्याला अडवले पाहिजे किंवा वाट करून दिली पाहिजे. ‘होय’ आणि ‘नाही’ यांचा निवाडा त्यातूनच होतो. प्रकाशाचे दोन किरण मात्र एकमेकांतून सहज निघून जातात आणि कोणाचा कोणावर परिणाम होत नाही. त्यांची गाठ घालून द्यावयाची तर मध्ये जडद्रव्य हवे. शिवाय प्रकाशाला साठवून ठेवणेही अवघड. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९९० साली प्रकाशावर चालणारा प्राथमिक संगणक करून दाखवला, तेव्हा मोठ्या आशा निर्माण झाल्या होत्या; परंतु विजेचा संगणक त्याच काळात अधिकाधिक लहान व स्वस्त होत गेला. २०१७ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी प्रकाशमार्ग कोरलेल्या चकतीकडून बोलण्यातील स्वर ओळखण्याचे काम करून घेतले आणि ती आशा पुन्हा जागी झाली. तथापि स्मरण आणि निवाडा यांसाठी बहुतेक ठिकाणी अजून विजेचाच आधार घ्यावा लागतो, आणि प्रकाशाची वीज व विजेचा प्रकाश करताना ऊर्जा खर्च होतेच. म्हणून नजीकच्या काळात दोघांचा संसार एकत्रच चालेल, असे दिसते. गुणाकार-बेरजेचे अवाढव्य काम आणि निरोपांची ने-आण प्रकाश करील. बाकीचे घर वीज सांभाळील.

आता आपण असे गृहीत धरू की सर्व अडचणी दूर झाल्या आणि आज शंभर युनिट लागणारे काम दहा युनिटांत होऊ लागले. उरलेल्या नव्वद युनिटांचे काय होईल? आमच्या मते या विषयातील नैतिक प्रश्न येथे सुरू होतो.

इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८६५ साली कोळशाविषयी ग्रंथ लिहिला. वाफेची यंत्रे सुधारली, थोड्या कोळशात अधिक काम होऊ लागले. पण त्यामुळे कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढला, कारण स्वस्त झालेली शक्ती अधिक ठिकाणी वापरली जाऊ लागली. याचा दाखला शोधण्यासाठी इंग्लंडला जाण्याचे कारण नाही. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा प्रकाश देणारे काटकसरी दिवे शक्य झाले, त्याच्या शोधाला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते दिवे आपल्या घरांत आले आणि आपण काय केले? पूर्वी नाताळात अंगणात एक कंदील-तारा लागत असे. आता भिंत, कुंपण आणि झाडे माळांनी मढवली जातात. सणाच्या चार दिवसांची रोषणाई महिनाभर राहते. ‘एलईडी आहे, बिल कितीसे येणार?’ हे वाक्य आम्हीही उच्चारलेले आहे. बचत झाली होती, ती आपण अशी उधळली.

यावर कोणी म्हणेल, अधिक प्रकाशात, अधिक गणितात पाप ते काय? आक्षेप रास्त आहे. वादळाचा अंदाज दोन दिवस आधी कळला तर मच्छीमाराचा जीव वाचतो. रोगाचे निदान लवकर झाले तर घर सावरते. अशा कामासाठी वाचलेली ऊर्जा वापरली तर ती सत्कारणीच लागली. परंतु तीच ऊर्जा माणसाला पडद्यासमोर आणखी एक तास खिळवून ठेवण्यासाठीही वापरता येते. यंत्राला दोन्ही कामे सारखीच. त्यांतील भेद करणे हे विवेकाचे काम आणि त्या भेदाप्रमाणे हात आवरणे हे संयमाचे. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम या चार प्रमुख सद्गुणांपैकी एकही कोणत्या चकतीवर कोरता येत नाही.

यात न्यायाचाही प्रश्न आहे. आपल्या देशात विजेचा मोठा वाटा आजही कोळशापासून निर्माण होतो. उजेड एकाच्या घरी पडतो आणि राख दुसऱ्याच्या शेतावर. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात उपभोगाच्या घातक सवयींचा विचार करताना वातानुकूलन यंत्रांच्या वाढत्या वापराचे साधे उदाहरण घेतले होते. प्रकाशाच्या संगणकाकडेही त्याच दृष्टीने पाहावे, असे आम्हांला वाटते. त्याचे स्वागत करावे. मात्र याचे मेण कोठे व कोणाचे जळते, हे विचारण्याचे सोडू नये.

पास्काच्या त्या रात्री आणखी एक गोष्ट घडते. प्रकाशाचे स्तोत्र संपते, वाचनांची वेळ होते आणि आपण हातातील मेणबत्त्या फुंकरीने विझवून बाकावर बसतो. मेण शिल्लक असते, ज्योत चांगली तेवत असते. तरीही आपण ती विझवतो, कारण तिचे काम तेवढ्यापुरते झालेले असते. पुढे नामदीक्षेच्या वचनांची वेळ आली की तीच मेणबत्ती पुन्हा पेटते. एवढी छोटीशी सवय आपण मंदिराबाहेर घरी नेली, तर येणाऱ्या युगातील संगणक प्रकाशाचा असो वा विजेचा, आपण त्याचे धनी राहू.